ओळख, कोण?

कुणाचं लक्ष उडवायचं असेल, तर माझ्याइतका पटाईत माणूस अख्ख्या फरीदाबादमध्ये मिळाला नसता. त्र्याण्णव साली आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. टायपिंग करणारा रंगात आला की मी गुपचूप मागून जाऊन त्याचे डोळे झाकायचो. “ओळख, कोण?” शेजारच्या टेबलावरच्या सुयशची तर तीन पत्रं मी अशीच वाया घालवली.

मग पर्मनंट होण्यासाठी माझीच टायपिंगची टेस्ट आली. अर्धा तास, एकही चूक नको. नाहीतर पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचं. केबिनमध्ये आमच्या सुपरवायझर हेमलताबाई समोर बसून मजकूर वाचणार आणि मी टाइप करणार.

दहा मिनिटं झाली असतील. मागून दोन तळवे माझ्या डोळ्यांवर आले. गार होते, जरा ओलसरही.

सुयश बदला घेतोय, मी मनात म्हटलं. घे लेका. माझी बोटं न बघता चालतात, आणि कानांना बाईंचा आवाज पुरे होता. मी थांबलोच नाही.

“टाइम संपला,” बाई म्हणाल्या. “एकही चूक नाही, उल्हासराव. पर्मनंट झालात. पण डोळे मिटून टायपिंग? मानलं तुम्हाला.”

“अच्छा, आता या सुयशला सांगा, सोड म्हणावं यार.”

“सुयश? तो खाली चहा पितोय, मला खिडकीतून दिसतोय. इथे आपण दोघंच आहोत.”

बाईही माझ्यासारख्याच खोडकर निघाल्या, म्हणून मी हसलो आणि ते तळवे काढायला हात वर नेले.

मागून कुणीतरी माझे दोन्ही हात तशाच गार, ओलसर हातांत हलकेच घेतले. तळवे अजून डोळ्यांवरच होते.