माहेरची वस्तू

“तुझ्या माहेरचा हंडासुद्धा गळका!” सासूबाई म्हणाल्या होत्या. हंडा कधीच मोडीत गेला. बोल मात्र चाळीस वर्षं अनसूयाबाईंच्या कानात ठिबकत राहिले. आपल्या सुनेला असं ऐकवायचं नाही, ही गाठ त्यांनी तेव्हाच मारली होती.

आज त्या सुनेला घेऊन वकिलाकडे आल्या होत्या. सारिकाने उजवा हात पदराखाली झाकला होता. माहेरहून आलेल्या घरघंटीने त्या हाताची तीन बोटं नेली होती.

“घरघंटीचं दार उघडलं की ती आपोआप थांबते, चूक तुमचीच, असं कंपनी म्हणते,” वकील म्हणाले. “आधी एक तक्रार जरी नोंदवली असती, तरी लढता आलं असतं. आता ही केस घेणारा भेटणार नाही.”

“तक्रार कशाची करणार साहेब? तोवर कधी दगाच दिला नाही तिनं. विचारा आमच्या आईंना.”

अनसूयाबाईंनी सुनेचा तो हात पदराबाहेर काढून छातीशी धरला.

“दिला होता गं. दिवाळीत दोनदा दार उघडलं, तरी पातं फिरतच होतं. तुझ्या बाबांनी हौसेनं दिलेली वस्तू... नावं कशी ठेवू, म्हणून गप्प बसले, बाळा.”