सळईचं टोक

गव्हाने ऊब धरली की तो खराब होतो. म्हणून मी रोज कोठीत लोखंडी सळई खुपसतो, थोड्या वेळाने काढून गालाला लावतो. ही दादाची पद्धत. गेल्या हंगामात तो याच कोठीत गव्हाखाली गुदमरला. त्याला बाहेर काढलं, कोठी झाडली, नवा गहू भरला.

आठवडाभर खालून पंख्याची हवा सोडतोय. सगळा गहू गार पडलाय. मधोमध मात्र सळईचं टोक तेवढं कोमट येतं, कोणीतरी मुठीत धरून सोडल्यासारखं. दाणे कोरडेच आहेत.

वहिनीने सळई गालाला लावली. बराच वेळ काढली नाही.

“पंखा बंद करा, भावोजी,” ती रोजच्याच आवाजात म्हणाली. “ह्यांना गार वारा सोसत नाही.”