आधीच उघडी

"दार लावून घे आधी," काटेवाला म्हणाला.

संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलीने केबिनचं दार लावलं. काचेपलीकडे एक ट्रक वजनकाट्यावर चढत होता. बाजूला काटेवाल्याचा मेहुणा उभा होता. त्याची पाळी दोनला सुरू व्हायची, पण हा रोज दीडलाच हजर.

"एवढ्या लवकर कशाला येतो? येऊन पावत्यांवर खाडाखोड करत बसतो. काहीतरी शिजतंय. बायकोचा भाऊ म्हणून मीच चिकटवला इथे, आता माझ्याच खुर्चीवर डोळा."

महिनाभर एकाच नंबरच्या दोन-दोन पावत्या निघत होत्या. संगणकावर वजनाची विंडो उघडी असताना कुणी ती पुन्हा उघडली, की दुसरी विंडो जुन्याच नंबरापासून सुरू व्हायची. ड्रायव्हर भांडायला यायचे. मालकाने बजावलं होतं, शनिवारी येतो, ज्याची चूक तो घरी.

"तू एक फाईल लिही," काटेवाल्याने आवाज खाली आणला. "कुणी वजनाचं बटण दाबलं, की त्या फाईलने बघायचं, विंडो आधीच उघडी आहे का. असली तर अडवायचं नाही. चोर सावध होतो. गुपचूप वेळ लिहून ठेवायची."

दार किलकिलं झालं. मेहुणा डोकावला. "दाजी, काही हवंय?"

"चहा सांग."

"तुमचा आत्ताच झाला की, दाजी."

"मग? माझे कप मोजतोस?"

दार बंद झालं.

"बघितलंस? चहावरसुद्धा पहारा! परवा माझा चष्मा लपवला. सापडला कुठे, तर माझ्याच खिशात. इतका बेरकी."

मुलीने संगणक उघडला. दोन-चार बटणं दाबून ती त्याच्याकडे वळली.

"काका, अशी फाईल इथे आहेच."

काटेवाला ताठ झाला. "बघ! त्यानेच टाकली असणार. माझ्यावर पाळत!"

तिने फाईल उघडली. बावीस नोंदी होत्या. सात चाळीस. नऊ पाच. साडेअकरा. दुपारी एकच्या पुढची एकही नव्हती.

"सकाळी इथे कोण असतं, काका?"

"मी. एकटाच." त्याने नोंदींवरून बोट फिरवलं. "पण फाईल टाकली कुणी?"

"मीच. मागच्या महिन्यात." ती हळू म्हणाली. "तुम्हीच बोलावलं होतंत. दार लावून घे म्हणालात. चोर सावध होतो, हेही म्हणालात."

काटेवाल्याने कालच्या पावत्यांचा गठ्ठा ओढला. दुबार आलेले नंबर खोडून शेजारी नीट नवे नंबर घातले होते. अक्षर मेहुण्याचं होतं. रोजच्या अर्ध्या तासाचं काम होतं ते.

"नोंदी पुसून टाकू?" मुलीने विचारलं.

"नको. शनिवारी मालकाला मीच दाखवेन."

तो उठला. दार उघडलं. मेहुणा लगबगीने जवळ आला. "काय दाजी?"

चहा सांग, असं म्हणायला काटेवाल्याने तोंड उघडलं आणि तो थांबला.

"माझा चहा झालाय का रे?" त्याने विचारलं.