वर्णनाचं वजन

दुकानाच्या साइटवर तिने 'शेंगदाणामुक्त बिस्किटं' असं शोधलं, तर सगळ्यात वर शेंगदाण्याची बिस्किटं आली.

पुन्हा शोधलं. पुन्हा तीच, पहिल्या नंबरावर.

तिने वर्णन उघडलं. 'ही बिस्किटं शेंगदाणामुक्त नाहीत. शेंगदाणामुक्त बिस्किटं हवी असल्यास आमचा दुसरा प्रकार पाहा.' आता सर्चला 'नाहीत' कुठून कळायला? ते आपलं शब्द शोधतं. शब्द नावात सापडला तर त्याचं वजन इतकं, वर्णनात सापडला तर इतकं; ज्याचं वजन जास्त, ती वस्तू वर. आणि वर्णनाचं वजन आज सकाळी तिनेच नावाच्या वर नेऊन ठेवलं होतं. गिऱ्हाइकाने काहीही टाकलं तरी काहीतरी दिसलंच पाहिजे, असा साहेबांचा धोशा. बदल केल्यावर तिने चादरी शोधून पाहिल्या, बूट पाहिले. झकास आले. खाण्याच्या वस्तू नंतर बघू म्हणाली. नंतर!

तिने आधी वजन खाली आणलं. मग वहिनीला फोन लावला. भावाची लेक चिमी. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा, श्वास अडकायचा. वहिनी तिचा खाऊ इथूनच मागवायची, तासाभरात घरपोच येतो म्हणून.

फोन वाजून वाजून बंद झाला. तिने परत लावला.

"काय वन्सं, आज ऑफिसात माशा मारताय वाटतं?"

"वहिनी, बिस्किटं मागवलीस का?"

"हो, आत्ताच आली. पाकीट फोडलंसुद्धा बाईसाहेबांनी."

"खाल्लं? खाल्लं का तिने?"

"हात धुवायला पिटाळलंय. अगं, ओरडतेस काय अशी?"

"फेक ते! शेंगदाणे आहेत त्यात!"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग चिमीने भोकाड पसरलं, चांगलं घसा फाडून. ते ऐकून तिच्या जिवात जीव आला.

"मी पाहिलंच नाही गं," वहिनी म्हणाली. "वर आलं ते घेतलं. म्हटलं, तू आहेस ना तिथे."

तिने फोन ठेवला. ती डोळे पुसत होती, तेवढ्यात साहेब आले. स्वारी खुशीत होती.

"काय जादू केलीस गं? ती शेंगदाण्याची बिस्किटं कुत्रं विचारत नव्हतं त्यांना! सकाळपासून धडाधड चाललीयेत. बरीचशी पोचलीसुद्धा घरोघरी."

ती उभी राहिली.

"साहेब, त्या सगळ्यांचे फोन नंबर द्या," ती म्हणाली. "आणि तुम्हीही फोन घ्या हातात."