नियम एकटीला

कोडमधला नियमभंग दाखवणाऱ्या लिंटरची लाल रेघ फक्त मुग्धाच्याच कोडखाली उमटत होती. शेजारच्या तनयचा स्क्रीन स्वच्छ. तिने नियमांची फाइल उघडली. नवा नियम आज सकाळीच आला होता: डिफॉल्ट एक्स्पोर्ट, म्हणजे फंक्शन बिननावाने इतरांना देणं, बंद; प्रत्येक फंक्शन बाहेर द्यायचं ते स्वतःच्या नावानेच. लागू फक्त मुग्धाच्या फोल्डरला. घालणारे श्रीहरी.

आजचाच दिवस बरा सापडला! मारतहळ्ळीच्या या ऑफिसात तिला कायम करायचं की नाही, ते संध्याकाळी ठरणार होतं. "तुझं काम कुणी वापरतच नाही गं," मॅनेजर उल्का कालच म्हणाली होती. "सगळ्या कोडमध्ये शोधलं. तुझ्या फंक्शनची नावं तुझ्याच फायलींत सापडतात."

श्रीहरी टीममधले सगळ्यांत ज्येष्ठ, मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातले. बोलणं गोड. अलीकडे गोड बोलण्याचीच तिला धास्ती वाटे.

"अण्णा, नियम मला एकटीलाच का?"

"सुरुवात तुझ्यापासून. आधी कर, मग भांड."

"आणि काही मोडलं तर?"

"मोडू दे की स्वल्प." ते हसले. ते हसणं तिला मुळीच आवडलं नाही.

पण रेघ जाईपर्यंत कोड पुढे सरकेना. तिने डिफॉल्ट काढलं, नावं घातली, टेस्टिंगच्या सामाईक कोडमध्ये पाठवलं.

थोड्याच वेळात मजला पेटला. "अरे, किसने तोड़ा यार?" तनय ओरडला. "माझं बिलिंग गेलं!" पलीकडून श्वेता. अपूर्व तर खुर्ची ढकलून उभाच राहिला. उल्का केबिनमधून धावत आली.

"कुणी केलं हे?"

मुग्धाने श्रीहरींकडे पाहिलं. असा होता तर डाव. आजच, आणि तिच्याच हातून.

"हिने," श्रीहरींनी सगळ्यांदेखत बोट दाखवलं. "मी सांगितलं म्हणून. टेस्टिंगचा कोड आहे, कस्टमरला झळ नाही."

"पण का?"

"डिफॉल्ट दिलं की घेणारा वाट्टेल ते नाव ठेवतो. तनयने एक ठेवलं, श्वेताने दुसरं. तू हिने ठेवलेलं नाव शोधलंस. मिळणार कुठून? देवाला हजार नावं शोभतात, उल्का. नोकरी टिकवायची तर एकच लागतं." ते खाली बसले. "आता डिफॉल्ट गेलं, त्यांनी ठेवलेली नावं तुटली. बघ. हिचं काम जे वापरत नाहीत, ते तेवढे गप्प असतील."

सबंध मजल्यावर कुणीच गप्प नव्हतं.