नकल्याची साक्ष

"हा अकरावा अर्ज," नेरिडा म्हणाली. "दहा वेळा तुम्ही तोंडाला पानं पुसलीत. या वेळी निदान घळ तरी बघ, आणि मग नाही म्हण."

सरकारी खात्याचा तपासनीस इवान ट्रेलोअर चिखलातून बूट उपसत तिच्या मागे चालला होता. नुकतंच उजाडलं होतं. गिप्सलँडच्या त्या घळीत कधीकाळी पाऊल टाकायला जागा नव्हती, इतकं दाट नेचाचं रान होतं. आता सांबरांनी ते तुडवून उघडंबोडकं केलं होतं.

"आणखी दोन वर्षं असंच चाललं ना, तर ब्रिसलबर्ड पक्ष्याला लपायला काडी उरायची नाही. कुंपण हवंय रे बाबा. सत्कार मागत नाहीये मी."

"पण बाई, पक्षी इथे आहे याला पुरावा काय? आमच्या नोंदीत वीस वर्षांत कुणाला दिसलेला नाही."

"माझ्या क्लेमला ऐकू यायचा. दर वसंतात."

क्लेम तिचा नवरा. आवाज नीट ओळखता यावा म्हणून त्याने पक्ष्यांच्या शिळांची कॅसेट विकत आणली होती. रोज सकाळी जुना टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून तो इथे उतरायचा. रेकॉर्डर इतका खंगलेला, की बटण दोनदा दाबल्याशिवाय चालू व्हायचा नाही. ब्रिसलबर्डचा आवाज काही त्याला टिपता आला नाही, पण घरी यायचा तो चेहरा फुलवून. "आज बोलला गं," म्हणायचा.

खात्याने मात्र दर वेळी 'पुष्टी नसलेला दावा' असा शेरा मारून अर्ज परत धाडला. तीन वर्षांपूर्वी क्लेम गेला, तेव्हाही तसंच एक पत्र उशाशी होतं. शेवटी शेवटी त्याचा तो तीन हिसक्यांचा खोकला शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जायचा. खोकल्याचं दुःख नेरिडाने गिळलं होतं, त्या शेऱ्याचं नाही. तिच्या नवऱ्याला सरळ खोटारडा ठरवलं होतं त्यांनी.

दोघं ओंडक्यावर बसून राहिले. तास गेला. इवान घड्याळाकडे बघायला लागला, आणि तेवढ्यात शीळ आली.

गोड, चढत जाणारी, शेवटी झटक्यात तुटणारी. नेरिडाने इवानचा दंड घट्ट धरला. तोही ताठ झाला.

मग नेचातून लांब शेपटीचा एक पक्षी ऐटीत बाहेर आला. त्याने तीच शीळ पुन्हा घातली. त्यानंतर करवतीची घरघर काढली आणि नेरिडाच्या किटलीची शिट्टी वाजवली.

"लायरबर्ड," इवानने सुस्कारा टाकला. "नकल्या लेकाचा! याच्या साक्षीवर कुंपणाचं अनुदान दिलं तर ऑफिसात मलाच पिंजऱ्यात घालतील."

नेरिडाचा पारा चढला. "अरे शहाण्या, तो नकला करतो, मनाचं काही रचत नाही! करवत ऐकली म्हणून करवत काढतो, माझी किटली ऐकली म्हणून किटली. मग ही शीळ त्याने कुणाची ऐकली? तुझ्या साहेबाची?"

इवानने अर्ज चाळला, परत चाळला.

"अप्रत्यक्ष पुरावा," तो सावकाश म्हणाला. "रकाना आहे खरा तसा. आजवर कुणी भरलेला नाही." त्याने तो भरला आणि खाली सही केली. "मिळेल तुमचं कुंपण. पक्ष्याची वीस वर्षांतली ही पहिली नोंद कुणाच्या नावावर घालू?"

"क्लेम हॅगर्ट. ठळक लिही."

तो गाडीकडे चढून गेला. नेरिडा मागेच थांबली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

"ऐकलंस का रे म्हाताऱ्या? शेवटी तुझं खरं मानलं त्यांनी."

नकल्या ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. त्याने शेपटी पसरली आणि या वेळी पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी खट्. पुन्हा खट्. मग टेप फिरल्याची बारीक खरखर, आणि त्या खरखरीतून ब्रिसलबर्डची शीळ. परत खट्. आणि मग, तीन हिसक्यांचा खोकला.