एकच रास

पार्बता अन् शेजारची अनसूया, दोघींची रास वृषभ. वाचता दोघींनाही येत नव्हतं. दुपारच्या गाडीनं नागभीडला पेपर आला की कुडाच्या भिंतीपलीकडे अनसूयेचा नवरा मोठ्यानं वाचायचा, "वृषभ. आज बाईनं आराम करावा. पाणी नवऱ्यानं भरावं."

पार्बताचा नवरा त्याच पेपरातून वाचायचा, "वृषभ. प्रवासात विलंब."

लेकराला पाजता पाजता पार्बता जळायची. "चांगलं तेवढं गाळून काऊन वाचता जी?"

"छापलं तेच वाचून राह्यलो ना मी!"

आज रुळावर सागाचं झाड आडवं पडलं. गाडी नाही, पेपर नाही. आज तरी ऐकावं लागणार नाही, म्हणून पार्बताला बरं वाटलं.



तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वृषभ. आज बाईचे पाय नवऱ्यानं चेपून द्यावे."